मुलाचा फोन लंडनात चोरीला गेला, माझा इंदूरात ‘गुम’ झाला

सुदामानगरी

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण घरात या विषयावरून दोन आठवडे महाभारत चालू आहे आणि मला बाहेरच्यांची मतं हवी आहेत.

तर झालं असं की मुलगा लंडनला असतो, दीड वर्ष झालं. गेल्या महिन्यात संध्याकाळी सहा-साडेसहाला, म्हणजे ऑफिसं सुटायची वेळ, रस्त्यावर ही गर्दी, हा कडेला उभा राहून फोनवर नकाशा बघत होता आणि मागून ई-बाइकवर तोंड झाकलेला एक जण आला आणि फोन घेऊन गेला. हिसकला पण नाही म्हणतो, नुसता उचलला, आपण दुसऱ्याच्या ताटातला पापड उचलतो तसा. याने घरी जाऊन लॅपटॉपवरून ऑनलाइन तक्रार टाकली, लगेच ईमेलवर क्राइम नंबर, तो इन्शुरन्सवाल्यांना दिला. आणि तिसऱ्या दिवशी पोलिसांचं अतिशय सभ्य पत्र, की तपास करण्याजोगं काही हाती नसल्याने केस बंद करत आहोत, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटतं. फोन पुढे पंधरा दिवसांनी चीनमध्ये शेन्झेनला दिसला. मुलगा अजून चीनला गेलेला नाही, फोन पोचला.

त्याच्या पुढच्याच रविवारी मी हाटात भाजी घेत होतो आणि माझाही फोन गेला, शर्टच्या वरच्या खिशातून. गेलो ठाण्यात (कुठलं ते विचारू नका). मुन्शीजी चांगले माणूस, पाणी वगैरे विचारलं, मग म्हणाले, “सर, चोरी मत लिखिए, गुम लिखिए. चोरी लिखेंगे तो एफआयआर होगी, बयान होंगे, कोर्ट का चक्कर आप ही काटेंगे. सिम तो गुम वाले आवेदन पे भी मिल जाएगी.” आणि मी, बँकेत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या फॉर्मांतल्या चुका काढलेला माणूस, मुकाट्याने लिहून आलो की भाजी घेताना माझा फोन कुठेतरी पडला.

म्हणजे आता हिशेब असा, की लंडनच्या खात्यात एक चोरी जमा झाली आणि इंदूरच्या खात्यात शून्य. आणि आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी एका साइटचा तक्ता टाकला ज्यात आपलं इंदूर लंडनपेक्षा सुरक्षित. तो तक्ता घेऊन ही मुलाला रोज फोन करते, परत ये म्हणून. मला तक्ता पटत नाही, पण का पटत नाही ते तिला सांगताही येत नाही. तुम्ही देशोदेशी राहिलेले लोक आहात, सांगा की देशादेशांची अशी तुलना करता येते का, आणि करायची तर कशी?

पोहेवाली काकू

अहो दादा, हाटात वरच्या खिशात फोन??? लंडनच्या चोराला तरी बाइक आणावी लागली.

(बाकी सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.)

आकडेबाज

छान धागा. तो तक्ता बहुतेक नंबेओचा असणार. तिथे पोलिसांचे आकडे नसतात, साइटवर आलेले लोक स्वतः फॉर्म भरतात, की तुम्हाला रात्री एकटं चालायला भीती वाटते का, चोरीची काळजी वाटते का, वगैरे. म्हणजे ती भीतीची मोजणी झाली, तीसुद्धा इंग्रजी येणाऱ्या, इंटरनेटवर असल्या साइटी शोधणाऱ्या माणसाच्या भीतीची. मालवा मिलच्या मागे राहणाऱ्या बाईला ते कुणी विचारलेलं नाही.

पोलिसांचे आकडे घेतले तरी काकांनी सांगितलेली गोची आहेच. ब्रिटनमध्ये ती त्यांना फार आधी कळली. म्हणून १९८२ पासून ते वेगळा सर्व्हे करतात, घरोघरी जाऊन विचारतात की वर्षभरात तुमच्या बाबतीत काय काय घडलं, पोलिसांत गेला असाल किंवा नसाल. अमेरिकेत असाच सर्व्हे १९७३ पासून आहे. आणि २०१४ मध्ये ब्रिटनच्या पोलिसी आकड्यांचा ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जाच काढून घेतला गेला, कारण नोंदणी भरवशाची नाही असं दिसलं. हे तिथे, जिथे ईमेलवर क्राइम नंबर येतो! आपल्याकडे असा नेमाने होणारा देशव्यापी सर्व्हे नाहीच, त्यामुळे काकांचा फोन कुठेच नाही.

तुलना करायचीच तर खून धरा. प्रेत ‘गुम’ लिहून मिटवता येत नाही, निदान सहजी नाही. २०२२ चा एनसीआरबीचा, म्हणजे देशभरचे गुन्हे मोजणाऱ्या सरकारी खात्याचा, आकडा आहे २८,५२२ खून, लाखामागे २.१. त्याच वर्षी अमेरिकेत लाखामागे सहाच्या वर. इंग्लंडात एकच्या आसपास. जपानात ०.२ वगैरे. आणि दक्षिण आफ्रिकेत २०२२-२३ या वर्षात २७,४९४ खून. आता हा आकडा आपल्या आकड्याशेजारी ठेवून बघा, जवळजवळ सारखा. फक्त आपण १४० कोटी आणि ते ६ कोटी.

तेव्हा वहिनींना सांगा, जीव जाण्याचा हिशेब केला तर मुलगा तिथे आपल्यापेक्षा बरा आहे. फोनचं मात्र सांगू शकत नाही. लंडनात वर्षाला हजारोंनी फोन जातात.

नेहमीचाच विरोधक

हे सगळं सर्व्हे बिर्व्हे ठीक आहे, पण रोग सगळ्यांना माहिती आहे आणि औषधही. एल साल्वादोर बघा. २०१५ ला लाखामागे शंभरच्या वर खून, जगात सगळ्यात वाईट. बुकेले राष्ट्राध्यक्ष म्हणून आला, मार्च २०२२ मध्ये एका दिवसात ६२ माणसं मारली गुंडांनी, त्याने दुसऱ्या दिवशी आणीबाणी लावली, उचलले सगळे आणि घातले आत, चाळीस हजारांचा नवा जेल बांधला. २०२४ मध्ये अख्ख्या देशात ११४ खून. एकशे चौदा! आणि आपण इथे मुन्शीजीने पाणी विचारलं म्हणून त्याला चांगला म्हणतोय. चार दिवस असा माणूस द्या, चेन खेचणारे सगळे सरळ होतील.

वकीलसाहेब

विरोधक भाऊ, चार दिवस नाही, तिथे ती आणीबाणी दर महिन्याला वाढवत आहेत. ऐंशी हजारांच्या वर लोक आत आहेत आणि त्यातले सुमारे आठ हजार निर्दोष निघाले म्हणून सोडावे लागले हे बुकेलेने स्वतःच सांगितलं आहे. ते निर्दोष म्हणजे कोण असतील? अंगावर टॅटू आहे, वस्ती चुकीची आहे, शेजाऱ्याने निनावी फोन केला. तुमचा भाचा त्यात असता तर तुम्ही त्या जेलचे व्हिडिओ इतक्या आवडीने बघितले नसते. खून कमी झाले हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही, तिथली बाई आज संध्याकाळी पोराला घेऊन बागेत जाऊ शकते ही लहान गोष्ट नाही. पण आपल्याकडे तुरुंगात आहेत त्यांच्यातले सत्तर टक्क्यांच्या वर मुळात कच्चे कैदी, अजून खटलाच चालू आहे. अशा देशाला उचलून आत घालायचा सल्ला द्यायची गरज नाही, ते आम्हाला येतं.

आता काकांच्या मुद्द्यावर, कारण हे माझं रोजचं दळण आहे.

एक म्हणजे ललिता कुमारी निकाल, सुप्रीम कोर्ट, २०१३. दखलपात्र गुन्हा दिसतो आहे तर एफआयआर घ्यावीच लागते, मुन्शीजीला मर्जी नाही. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, त्यात झीरो एफआयआर (कुठल्याही ठाण्यात देता येते ती) आणि ऑनलाइन तक्रार दोन्ही आहे, ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. कागदावर आपण लंडनच्या पुढे आहोत. प्रत्यक्षात टीआय साहेबाची, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखाची, मीटिंग असते, वर विचारतात की तुमच्या ठाण्याचा ग्राफ का चढला. ग्राफ उतरवायचे दोन रस्ते, चोर पकडा किंवा लिहू नका. दुसऱ्याला डिझेल लागत नाही.

दुसरं, एनसीआरबीची मोजायची रीत. एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी त्यातलं सगळ्यात गंभीर तेवढं मोजलं जातं. घरात घुसले, बाईवर अत्याचार केला, खून केला, दागिने नेले, तर तक्त्यात एक खून, बस. बाकीचं त्याच्या पोटात गेलं. आता स्वीडन बघा, तिथे उलटं आहे. नवऱ्याने वर्षभरात बायकोवर पन्नास वेळा जबरदस्ती केली तर पन्नास गुन्हे लिहितात, व्याख्याही २००५ मध्ये रुंद केली आणि २०१८ पासून संमती नसली की बलात्कारच. मग व्हॉट्सॲपवर फिरतं की स्वीडन बलात्काराची राजधानी. अरे बाबा, त्यांनी वही मोठी घेतली आहे.

देशातल्या देशातही हेच. केरळचा आणि कोचीचा गुन्ह्यांचा दर यादीत भयंकर उंच दिसतो. कोचीला जाऊन आलेल्या कुणाला तिथे यूपी-बिहारपेक्षा जास्त भीती वाटली का? तिथे लोक शिकलेले, ठाण्यात जातात, आणि ठाणं लिहून घेतं.

पोहेवाली काकू

वकीलसाहेब +१. वही मोठी घेतली हे आवडलं.

ओसाका_ते_ओंकारेश्वर

मी नऊ वर्षं जपानला होतो, आता परत इंदूरला. जपानचं नाव निघालं म्हणून लिहितो.

माझं पाकीट ट्रेनमध्ये राहिलं होतं, आत अठरा हजार येन आणि कार्ड. दुसऱ्या दिवशी कोबानला, म्हणजे चौकाचौकात असते तशी छोटी पोलीस चौकी, गेलो तर त्यांनी फॉर्म भरून घेतला आणि चौथ्या दिवशी पाकीट, येनला येन. सापडून देणाऱ्याला पाच ते वीस टक्के बक्षीस मागायचा कायद्याने हक्क आहे, त्या आजोबांनी तो सोडून दिला होता. टोकियोत वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास हरवलेल्या वस्तू पोलिसांकडे जमा होतात, त्यात छत्र्याच किती. आणि गंमत बघा, तिथे ‘हरवलं’ म्हणजे खरंच हरवलेलं असतं.

पहिलीतली पोरं एकटी लोकल बदलून शाळेत जातात. सुरुवातीला बायको बघून रडायची, मग आमचीही जायला लागली.

पण. त्याच लोकलमध्ये गर्दीच्या वेळी बायकांसाठी वेगळा डबा ठेवावा लागतो, कारण गर्दीत हात लावणारे इतके. तिथल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, तेही याच कारणाने, स्कर्टखालून फोटो काढतात म्हणून. खुनाच्या तक्त्यात जपान देवमाणूस आहे. माझ्या ऑफिसातल्या मुलीला विचारलं असतं तर तिने दुसरा तक्ता दिला असता. आणि तिने एकदाही तक्रार केली नव्हती, म्हणायची उशीर होतो ऑफिसला.

निशाचर

हे बरं झालं कुणी पुरुषाने लिहिलं, मी लिहिलं असतं तर ‘आल्या’ म्हणाले असते.

मी सुपर कॉरिडॉरवर नोकरी करते, शिफ्ट संपते साडेअकराला, राहते विजयनगरच्या पुढे. सुदामानगरी काका, तुमच्या तक्त्यात ‘रात्री एकटं चालायला सुरक्षित वाटतं का’ हा जो प्रश्न आहे ना, त्याला मी रोज वेगळं उत्तर देईन. सराफ्यात, म्हणजे रात्री खाण्याच्या गाड्या लागतात त्या गल्लीत, रात्री एक वाजता मी आणि माझी मैत्रीण भुट्ट्याचा कीस खात उभ्या असतो, कुणी वळून बघत नाही, लहान पोरं आइसक्रीम मागत असतात, आज्या बाकड्यावर बसलेल्या असतात. आणि माझ्याच कॉलनीच्या मागच्या गल्लीत, जिथे दोन दिवे बंद आहेत आणि एक रिकामा प्लॉट आहे, तिथून मी संध्याकाळी साडेसातला पण जात नाही, चारशे मीटरचा वळसा घालते. शहर एक, बाई तीच.

आणि आम्ही जे रोज करतो ते कुठल्या आकड्यात येतं? लाइव्ह लोकेशन पाठवायचं, रिक्षेत बसल्यावर मोठ्याने “हां पापा, बस पोहोच रही हूँ” म्हणायचं आणि पलीकडे फोनवर कुणी नसायचं, किल्ली बोटांत धरायची. काही घडलं नाही म्हणजे गुन्हा शून्य. पण काही घडलं नाही ते आम्ही घडू दिलं नाही म्हणून.

लंडनही काही स्वर्ग नाही. २०२१ मध्ये तिथे एका मुलीला रात्री घरी चालत जाताना ज्याने उचललं आणि मारलं तो पोलीस दलातच नोकरीला असलेला निघाला. त्यानंतर तिथल्या बायका रस्त्यावर आल्या होत्या.

दुबईरिटर्न

मला आश्चर्य वाटतं अजून दुबई कुणी काढली नाही. ११ वर्षं काढली. बायको रात्री दोनला एकटी टॅक्सी करून यायची. गाडी चालू ठेवून लोक दुकानात जातात. सोनं घालून फिरा. कायद्याचा धाक असला की झालं. विषय संपला.

निशाचर

दादा विषय संपला नाही. २०१३ मध्ये तिथे कामाला गेलेल्या एका नॉर्वेच्या मुलीने बलात्काराची तक्रार केली तर तिलाच सोळा महिन्यांची शिक्षा सुनावली, लग्नाबाहेरचा संबंध म्हणून. जगभर बोभाटा झाला तेव्हा माफी देऊन सोडलं. आता तुम्ही सांगा, अशा ठिकाणी किती जणी तक्रार करत असतील आणि तक्त्यात तो आकडा किती सुंदर दिसत असेल.

दुबईरिटर्न

ती एक केस. तुम्ही राहिलात का तिथे? मी माझा अनुभव सांगितला. लेबर कॅम्पमधले लोकही म्हणतील की चोरी नाही.

वकीलसाहेब

लेबर कॅम्पमधल्या माणसाचा पासपोर्ट मालक ठेवून घेतो, पगार दोन-दोन महिने अडकवतो, तीही चोरीच. फक्त तो चोर फिर्यादीच्या व्हिसाचा मालक असतो.

(संपादन: यापुढचे चार प्रतिसाद वैयक्तिक झाल्याने उडवले आहेत. विषयावर राहा.)

टोरांटोकर बंड्या

मी मूळ रामबागचा, आता टोरांटोजवळ. आमच्याकडे सध्या गाड्या जातात. ड्राइव्हवेमधून, रात्री, काच न फोडता. चावीचा सिग्नल घराबाहेरून पकडतात आणि गाडी सुरू. सकाळी उठून बघितलं तर नुसते तेलाचे डाग. मग गाडी कंटेनरमध्ये, मॉन्ट्रियल बंदर, तिथून आफ्रिका किंवा आखात. २०२४ मध्ये एका सभेत इथल्या पोलिसाने लोकांना सांगितलं, की चावी रात्री घराच्या दाराजवळच ठेवा, म्हणजे चोर चावीसाठी आत घुसून तुम्हाला मारणार नाही. मी शपथेवर सांगतो हे खरं आहे, आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली सोबत चहाचा थर्मास पण ठेव.

पण गाडी गेली तर विमा नवी देतो. म्हणून इथे कुणाला राग येत नाही फारसा. इंदूरला माझ्या काकांची सेकंड हॅंड ॲक्टिव्हा गेली तर त्यांनी तीन महिने दुधाचं दुकान चालत उघडलं. चोरी एकच, मार किती लागला ते वेगळं. याचा तक्ता कुणी केलाय का, आकडेबाज?

आकडेबाज

नाही, माझ्या पाहण्यात नाही, आणि प्रश्न फार मोलाचा आहे.

ग्वाल्हेरची मावशी

तुम्ही इंदूरवाले फोन आणि गाड्या मोजताय. आमच्याकडे चंबळ पट्ट्यात प्रतिष्ठा बंदुकीने मोजतात. लग्नात नवरदेव घोड्यावर बसला की हर्ष फायरिंग, गोळी वर जाते आणि कधी गच्चीवरच्या बाईला लागते, मग म्हणायचं गलती से. शिवपुरीत २००८ मध्ये प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचं लायसन्स लवकर द्यायची योजना काढली होती. हसू नका, खरंच. एक मर्दानगी दिली तर दुसरी परत.

तरी एक सांगते. माझी बहीण अमेरिकेत टेक्सासला. तिच्या नातवाला बालवाडीत शिकवलंय की गोळीबार झाला तर बाकाखाली कसं गप्प बसायचं. चार वर्षांचं पोर. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्लीत घरोघर दोनाली बंदूक आहे पण शाळेत असलं कधी शिकवावं लागलं नाही.

आकडेबाज

मावशी, अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने ४८ हजारांच्या वर माणसं गेली आणि त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या. हे बातमीत येत नाही, शाळेतला गोळीबार येतो. भीती बातमीच्या मागे जाते.

त्यावरून आठवलं. आपण एवढा वेळ खून खून करतोय, आपल्याकडे त्याच २०२२ मध्ये रस्त्यावर मेले १,६८,४९१. खुनांच्या जवळजवळ सहापट. स्वीडनमध्ये त्या वर्षी २२७, लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर. ही तुलना मात्र अगदी करता येते, कारण इथेही प्रेत असतं. आणि इथे आपण लाखामागे त्यांच्या पाचपटीहून वर आहोत. पण ‘तिथे सेफ आहे का’ विचारणारी एकही आई हे विचारत नाही की तिथे सिग्नल पाळतात का.

निशाचर, तुम्ही साडेअकराला येता, तुमच्या शेजारून रॉंग साइडने येणारा डंपर हा तुमच्या मागच्या गल्लीतल्या माणसापेक्षा मोठा धोका असू शकतो, निव्वळ आकड्यांवर बोलायचं तर.

निशाचर

आकडेबाज सर, ते बरोबरच असेल. पण डंपर माझा पाठलाग करत नाही. आणि डंपरने उडवलं तर कुणी विचारत नाही की तू एवढ्या रात्री तिथे काय करत होतीस.

(हेल्मेट घालते. २०२५ च्या ऑगस्टपासून हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा नियम आला होता तेव्हा पंपावर लोक एकमेकांना हेल्मेट उधार देत होते, ते बघूनच समजले मी या देशाचं.)

आकडेबाज

मान्य. मागे घेतो.

पोहेवाली काकू

आता माझी पाळी, कुकर उतरला.

निशाचर बेटा, तू घरात शिरलीस की सगळे सुटकेचा श्वास टाकतात ना, तिथूनच बऱ्याच जणींची गोष्ट सुरू होते. बायकांवरच्या गुन्ह्यांत आपल्याकडे सगळ्यात मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांचा आहे, २०२२ ला ३१.४ टक्के. आणि सरकारच्याच आरोग्य सर्व्हेत लग्न झालेल्या बायकांतल्या २९ टक्के म्हणाल्या की नवऱ्याने हात उचललाय किंवा जबरदस्ती केलीय. मदत मागितली किती जणींनी? शंभरात चौदा. मी स्त्रियांच्या एका मंडळात पंधरा वर्षं बसले आहे, दर बुधवारी, लोकमान्यनगरात राहणाऱ्या, चांगल्या घरातल्या बायका येतात, आणि म्हणतात की काकू, पडले बाथरूममध्ये. तिथेही तेच हो, दादांच्या फोनसारखं. पडला. पडले.

परदेशाचं म्हणाल तर मी नेदरलँड्सला मुलीकडे चार महिने होते. तिथे शेजारच्या घरात रात्री भांडणाचा आवाज आला तर पलीकडच्या म्हाताऱ्याने पोलिसांना फोन केला आणि ते आले, दहा मिनिटांत, दोघे, एक बाई. मी थक्क. इथे आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. उलट त्याच गावात चार महिन्यांत माझं नाव कुणाला कळलं नाही, मी मेले असते तर वासावरून कळलं असतं. इथे माझा दूधवाला सकाळी सातला दार उघडलं नाही तर साडेसातला मुलाला फोन करतो.

सुदामानगरी

सगळ्यांचे आभार. हे सगळे प्रतिसाद हिला वाचून दाखवले. बुकेलेपाशी ती विरोधक भाऊंच्या बाजूची झाली होती, पुढे काकूंपाशी आल्यावर गप्प झाली.

सराफ्याचं जे निशाचरने लिहिलं त्यावर. आमचे वडील सांगायचे की रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्या ओट्यावर खाण्याच्या गाड्या लागतात हे सराफांना स्वतःलाच हवं होतं, गल्ली जागी राहिली की कुलूप फोडायला कुणी येत नाही. म्हणजे रबडीवाला हाच चौकीदार. आणि त्याच शहरात २०२२ मध्ये बीआरटीएसवर, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गाच्या मोठ्या रस्त्यावर, दुकानं रात्रभर उघडी ठेवायची परवानगी दिली, तर दारू पिऊन हुल्लड, मारामाऱ्या, शेवटी २०२४ मध्ये परवानगी काढून घेतली. दोन्हीकडे रात्र, दोन्हीकडे दिवे. फरक काय पडला असेल?

निशाचर

आज्या.

सराफ्यात आज्या असतात काका. बीआरटीएसवर फक्त पोरं होती.

ओसाका_ते_ओंकारेश्वर

हाहा. जपानात पण शाळेच्या रस्त्यावर पिवळा झेंडा घेऊन म्हातारेच उभे असतात.

नेहमीचाच विरोधक

म्हणजे आता पोलिसांऐवजी आज्यांची भरती करायची का. चालेल, माझी आजी टीआय होईल, तिने आजोबांना कधी एफआयआर लिहू दिली नाही.

पण एक राहिलं. तुम्ही सगळे रस्त्यावरचं बोलताय, आता चोर रस्त्यावर येतोच कुठे. माझ्या मेहुण्याला डिजिटल अरेस्ट केलं, दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवला, खोटा सीबीआयवाला, मागे अशोकस्तंभ. नऊ लाख गेले. तो माणूस बसला होता म्यानमारला की कंबोडियाला, देव जाणे. हा गुन्हा कुठल्या देशाच्या खात्यात लिहायचा?

आकडेबाज

लाख मोलाचा प्रश्न, आणि विरोधकांकडून! सायबर फसवणुकीत आपल्याकडे २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गेले, हे सरकारने संसदेत सांगितलं. आणि सिंगापूर, जिथे सगळे म्हणतात की पाकीट टेबलावर ठेवून जागा अडवतात, तिथे त्याच वर्षी १.१ अब्ज सिंगापूर डॉलर, म्हणजे सात हजार कोटींच्या आसपास, आणि लोक फक्त साठ लाख. फटके आहेत, फाशी आहे, जागोजागी कॅमेरे आहेत, पण फोनमधून आत आलेल्याला छडी पोचत नाही. तिथल्या पोलिसांची एक जुनी पाटी आहे, कमी गुन्हे म्हणजे शून्य गुन्हे नव्हेत.

मेहुण्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला होता का? पहिल्या तासाभरात केला तर पैसे वाटेत अडवता येतात.

नेहमीचाच विरोधक

नाही. लाजेने आठ दिवस कुणाला सांगितलंच नाही. बहिणीला म्हणाला शेअरमध्ये बुडाले.

पोहेवाली काकू

घ्या. अजून एक ‘पडले’.

सुदामानगरी

मंडळी, एक अपडेट द्यायचं होतं म्हणून धागा वर काढतोय.

वकीलसाहेबांनी खरडवहीत सांगितल्याप्रमाणे मी संचार साथी या सरकारी साइटवर जाऊन फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, ब्लॉक केला होता. काल ठाण्यातून फोन आला, की सर आपला मोबाइल ट्रेस झाला, देवासला एक जण वापरत होता, त्याने बिचाऱ्याने साडेतीन हजारांना विकत घेतलेला. मी गेलो. तर तिथे मोठा कार्यक्रम, टेबलावर सत्तर-ऐंशी फोन मांडलेले, मागे फ्लेक्स, ‘गुम हुए मोबाइल लौटाए, नागरिकों के चेहरे खिले’. पेपरवाले आलेले. सगळ्यांना एकेक करून बोलावलं, हातात फोन, हसा, फोटो.

मी मुन्शीजींना हळूच विचारलं की देवासवाल्याला विकला कुणी, त्याचं काय? ते म्हणाले, “सर, चोरी की रिपोर्ट तो है नहीं, तो चोर कहाँ से आएगा.”

मुलाला व्हिडिओ कॉल करून फोन दाखवला. तो म्हणाला, बाबा, माझ्याकडे क्राइम नंबर आहे आणि फोन नाही, तुमच्याकडे फोन आहे आणि क्राइम नाही. ही मागून ओरडली, मग तू परत ये!

आजच्या पेपरात फोटो आलाय, पान सहा. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा, चेहरा खिलेला मी.